पंचबाईंचा दंड
आमच्या हिला इथे परदेशात, अवोन्डेलच्या हॉलमध्ये सगळे पंचबाई म्हणायचे. कॅरमच्या बोर्डाशी उभी राहिली, की तिला ना वय कळायचं, ना नातं. ऐंशीच्या आजोबांनाही सगळ्यांदेखत सांगायची, "भाऊ, कोपर आत आलं. दंड." दंड म्हणजे घेतलेली एक सोंगटी परत मधे ठेवायची.

मी चौथी शिकलेला, जन्मभर कारखान्यात लेथवर उभा. कधी साधं बक्षीस मिळालं नाही. गेल्या वर्षी आमच्या मराठी म्हाताऱ्यांच्या कॅरम-स्पर्धेच्या फायनलला पोचलो आणि जीव नुसता त्या कपावर. राणी भोकाच्या तोंडाशी अडकलेली. नेम धरता धरता मी स्वेटरच्या बाहीनं तिला हळूच ढकललं. टाळ्यासुद्धा पडल्या.

"राणी बाहेर काढा," हिचा आवाज. "बाहीनं ढकललीय."

मी उसळून म्हणालो, "अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर बाहीवर लक्ष होतं."

सगळा हॉल हसला. कप गेला तो गेलाच.

बॉटनी डाउन्सला, आम्ही राहतो त्या मुलाच्या घरी पोचेपर्यंत बस बदलावी लागते. एकाही बसमध्ये मी तोंड बंद ठेवलं नाही. इतकी वर्षं संसार केला, आणि एका सोंगटीपायी चारचौघांत चोर ठरवलंस! ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चोरलेला कप शोकेसमध्ये ठेवला असतात. रोज फडकं मलाच मारावं लागलं असतं."

यंदा ती आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले, तसा मी बोर्ड तिच्या पलंगाशी आणला. तिची बोटं थरथरायची. म्हटलं, जिंकू दे बिचारीला, आणि अगदी तोंडाशी असलेली सोंगटी चुकवली. तिनं डोळे वटारले.

"मुद्दाम हरताय? हीसुद्धा लबाडीच. दंड."

मी हबकलो. बाई मरणाला टेकलीय आणि पंचगिरी सुटत नाही! मुकाट्यानं एक सोंगटी मधे ठेवली. पुढची पाळी तिची. "दमले. उद्या खेळू," म्हणाली. पहाटे गेली.

बोर्ड अजून तसाच मांडलेला आहे. मधे माझ्या दंडाची सोंगटी. सून परवा म्हणाली, "बाबा, आईंच्या पाळीचं तुम्हीच खेळा ना. संपवून टाका तो डाव."

दुसऱ्याच्या पाळीला मी हात घालू? आणि आता तर दंड सांगायलाही कुणी नाही.