फाल्यासाठी गाऱ्हाणं

एकतीस वर्षं मी मालवणजवळच्या एका गावात शाळेची हजेरी घेतली. त्यामुळे नावांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असा माझा ठाम समज होता. निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायला बसले आणि दहा पानांत तो समज साफ खोटा ठरला. माझा नायक म्हणजे होडीवरचा खलाशी, वय पन्नास, तोंडात कायम विडी, आणि नाव काय, तर अद्वैत! लिहिताना मला ते फार भारदस्त वाटलं होतं, काय सांगायचं.

बरं, हजेरीपटातली नावं उचलावीत, तर तीही सोय नाही. पूर्वी एकदा माझी एक कथा छापून आली होती. तिच्यातल्या भांडकुदळ बाईला मी गावात दर चौथ्या घरात सापडेल असं नाव दिलं होतं. मला वाटलं, एवढ्या जणींत कुणाला लागेल? सगळ्यांनाच लागलं. तिघींनी माझ्याशी बोलणं टाकलं. चौथी दारात येऊन भांडली, ती मात्र तिला कथेत का घेतलं नाही म्हणून.

मग मी टोपणनावांकडे वळले. आमच्याकडे माणसाला एक नाव रेशनकार्डावर असतं आणि एक गावाच्या तोंडात. गावाने दिलेलं नाव माणसाला निवडता येत नाही आणि त्याच्या समोर कुणी घेतही नाही. दर वाक्यात 'वायच' म्हणजे 'जरासं' म्हणणाऱ्या एका बाईचं नाव गावाने 'वायच' पाडलं होतं, आणि तिला स्वतःला ते अजून ठाऊक नाही. असं नाव टेबलाशी बसून सुचत नाही. मी चार दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी वही घेऊन शेजारच्या काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसले.

हे काका म्हणजे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. कुणी देवापुढे नारळ ठेवला की काका उभे राहून त्या माणसाचं नाव घेतात, त्याचं दुखणंखुपणं मोठ्याने देवाच्या कानावर घालतात, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. त्यांनी माझी नावं ऐकली आणि लगेच परीक्षाच सुरू केली. डोळे मिटून, हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो अद्वैत…" आणि थांबले. एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "बाईनू, देव इचारीत, खंयचो ह्यो? मी काय सांगू?" खंयचो म्हणजे कुठला.

त्या आठवड्यात माझी अकरा नावं नापास झाली. मला रागही येत होता आणि हसूही आवरत नव्हतं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "काका, माझा हा माणूस कसला आळशी आहे माहीत आहे? जाळं शिवायचं म्हटलं तरी उद्या, छप्पर शाकारायचं म्हटलं तरी उद्या." काका लगेच म्हणाले, "मगे तो फाल्या." आमच्या बोलीत फाल्या म्हणजे उद्या. "फाल्या करतंय, फाल्या येतंय, असा म्हणणारो. गाव त्येका दुसरा काय म्हणतला?" झालं! फाल्या जन्मला. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या वहीत स्वतःच्या पायांनी चालायला लागला.

फक्त एक अडचण होती. शेवटच्या प्रकरणात फाल्या तापाने मरणार होता. पुण्याच्या प्रकाशकांना मी तो शेवट फोनवर सांगितला होता आणि त्यांना तो भलताच आवडला होता. काकांना मी एवढंच सांगितलं की फाल्या आजारी पडलाय, काही खरं नाही त्याचं. "जगतलो मा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू.

सोमवारी मी माझ्या गुडघ्यासाठी नारळ घेऊन देवळात गेले. काकांनी माझं गाऱ्हाणं व्यवस्थित घातलं. मी वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी पुन्हा हात जोडले. "आणि बा देवा म्हाराजा, ह्या बाईंकडे फाल्या म्हणान जो आसा, तो तापान पडलो हा. फाल्या म्हणान आसा, देवा, चुकू नको. त्येचो ताप काड आणि त्येका उबो कर रे म्हाराजा!" सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा!" त्यात माझाही आवाज होता. सवयीने तोंडातून गेलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्याला मारणार होते तीही मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी घेऊन येणारी बाई दारात हजर. टोपलीतून निवडून मुडदुशे काढले, कारण आजाऱ्याला पचायला तोच मासा हलका. "फाल्याक कालवण करून घाला," म्हणाली. पलीकडच्या घरातून पेजेचं तपेलं आलं. एकीने कसला तरी पाला आणून दिला, वर विचारलं, "डॉक्टराक दाखयल्यात?" मी हात जोडून खरं सांगितलं, की अगं, तो पुस्तकातला माणूस आहे! ती म्हणाली, "म्हणान काय झाला? गाऱ्हाणा घातला मा?" कपाळ माझं! मुडदुशे मीच खाल्ले. कालवण मात्र फक्कड झालं होतं.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं सगळं, पण मला एक गोष्ट टोचत होती. तीन वर्षांपूर्वी काकी आजारी पडल्या तेव्हा काकांनी स्वतः उभं राहून त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं. सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला होता, आणि आठ दिवसांत काकी गेल्या. तेव्हापासून काकांचा आवाज देवळात पूर्वीसारखा लागत नव्हता. फाल्यासाठी मात्र तो लागला होता, मी माझ्या कानांनी ऐकला होता. आता मी फाल्याला मारला तर ह्या म्हाताऱ्याचं दुसरं गाऱ्हाणंही फुकट जाणार. छे, माझ्याने ते होईना. प्रकाशक गेले खड्ड्यात, असं म्हणून मी शेवट बदलला आणि फाल्याला खडखडीत बरा केला.

नवीन प्रकरण घेऊन मी दुपारीच काकांच्या खळ्यात गेले. ते सुपारी कातरत बसले होते. मी मोठ्या उत्साहाने वाचलं. ताप उतरतो, फाल्या डोळे उघडतो, पेज मागतो. वाचून झाल्यावर शाबासकीच्या आशेने मी वर बघितलं. काकांचा हात थांबला होता.

"म्हणजे नाव घेतलंय म्हणान वाचलो," ते म्हणाले.

"कोण, फाल्या? हो, तुमच्या गाऱ्हाण्यानेच वाचला."

"तिच्या टायमाक मी नाव घेवक नाय, बाईनू." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पन्नास वर्सां संसार केलंय, तिका कदी नावान हाक मारूक नाय. आमच्यात बायलेचा नाव कोण घेता? देवळात उबो रवलंय, तेवाय तोंडातसून येवक नाय. 'माज्या घरातला माणूस' असा म्हटलंय. गावात इतकी घरां. खंयच्या घरातला, खंयचा माणूस, देवाक कसा कळात?"

तीन वर्षं हा माणूस हे गिळून बसला होता, आणि मी शहाणी, फाल्याला जगवून त्याच्या संशयावर शिक्का मारून आले होते. स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. मी म्हटलं, "काका, हे कच्चं आहे हो. अजून शेवट ठरलेला नाही."

"कागदावरचो आसलो तरी गाऱ्हाणा खरा घातलंय," ते म्हणाले. "तुमका लिवची बुद्दी तो देवच देता."

घरी आले, चहासुद्धा घेतला नाही. फाल्याला पुन्हा अंथरुणावर झोपवलं. ह्या वेळी मी काहीच कमी पडू दिलं नाही. कादंबरीतल्या देवळात त्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं, टोपणनाव, खरं नाव, बापाचं नाव, सगळं. अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. आणि पहाटेला फाल्या गेला. लिहिताना मी ढसाढसा रडले, आणि रडतच पूर्णविराम दिला.

गावात बातमी कशी पसरली कोण जाणे. मासळीवाली तीन दिवस माझ्या दारावरून तशीच पुढे गेली. चौथ्या दिवशी थांबली ती भांडायलाच. "येवढे मुडदुशे दिलव, आणि तुमी त्येका मारल्यात?"

काकांना मी ते प्रकरण सावकाश वाचून दाखवलं.

"नाव घेतला होता मा?" त्यांनी विचारलं.

"घेतलं होतं. बापाच्या नावासकट घेतलं होतं."

"सगळा गाव व्हय म्हणालो?"

"सगळा."

"तरीय गेलो."

"तरीही गेला, काका."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकून बसले. तोंडावर हसू आलं, डोळ्यांतून पाणीही आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग घराच्या आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी काकींचं नाव घेतलं. हाक मारावी तसं, मोठ्याने. नवख्या माणसासारखे लाजले, माझ्याकडे चोरून बघितलं, आणि परत एकदा घेतलं.