सुलभाताईंचं ‘आय ॲम कमिंग’

सहलीला खरं तर दोघं जाणार होती. इंद्रनीलनं ऑफिसातून सुट्टी काढली होती, आणि सुलभाताईंनी मनाशी पक्कं केलं होतं, आज वाटेत लेकाला सांगून टाकायचं. नवरा गेल्यावर त्यानं त्यांना पुण्याहून इथे न्यूझीलंडला, रोटोटुनाला आणलं, आता कायमचं ठेवून घ्यायचं म्हणत होता. लेक गुणाचा, सूनही वाईट नाही. पण दिवसभर त्या घरात चिटपाखरू नसतं हो! नात श्रिया शाळेतून आली की “हाय आज्जी” म्हणून थेट खोलीत. बाई शेवटी कुकरशी बोलायला लागल्या होत्या. त्यांना पुण्याला परत जायचं होतं, बस्स.

आणि नेमका सकाळी ऑफिसचा फोन! “सॉरी आई, सर्व्हर बसलाय. तू जाऊन ये ना, बघण्यासारखं हीप्स आहे तिथे, अगदी ढीगभर.”

गेल्या बापड्या. गाईड हेनी नावाची माओरी बाई होती, हसरी. तिनं आधी गोऱ्या सोल्जरांचा दीडशे वर्षांपूर्वीचा किल्ला दाखवला. किल्ला कसला, गवत माजलेला मातीचा बांध आणि भोवती चर! सिंहगड चढलेल्या बाईला हसूच फुटलं, पण सांगणार कुणाला? बाकी सगळी जोडपी. मग दलदल आटवायला खणलेले कालवे झाले, आणि शेवटी रेनफॉरेस्ट. माडाएवढी उंच नेची, निसरडी वाट. तिथे ताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्यांनी हेनीचा हात दाबला, “आय ॲम कमिंग” म्हणाल्या आणि व्हॅनकडे वळल्या.

आता निरोप घेताना आपल्यात ‘जाते’ कोण म्हणतं? अभद्र! ‘येते’च म्हणायचं. ताईंनी त्याचं सरळ इंग्रजी केलं. हेनी बिचारी समजली, बाई मागून येतायत.

व्हॅनच्या मागच्या सीटवर ताई आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. तिकडे जंगलात “सुलाबा! सुलाबा!” अशी हाकाटी. हेनीनं व्हॅनच्या पुढच्या काचेतूनही डोकावून पाहिलं, पण आत कुणी दिसेना. शेवटी घाबरून तिनं इंद्रनीलला फोन लावला.

तो सर्व्हर-बिर्व्हर टाकून धावत आला. व्हॅनचं दार उघडलं, तर आत आई उठून केस सारखे करतेय! तो पायरीवर मटकन बसला. “आई, अगं काय हे! जीव गेला ना माझा!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई ओशाळल्या, पण खोटं कशाला बोला, त्यांना बरंही वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्यासाठी धावलं होतं.

हेनीची माफी मागून दोघं त्याच्या गाडीत बसली. लेक शेजारी आणि पुढे लांबचा रस्ता. ताईंना हवं होतं ते आपसूक जुळून आलं होतं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. ताई थांबल्या. तो संपला तसा त्यांनी सगळा धीर गोळा केला.

“इंद्रनील, मला घरी जायचंय रे.”

“अगं, घरीच तर चाललोय!” त्यानं मायेनं त्यांचा हात थोपटला आणि पुढचा फोन लावला.