पोपट जेवेपर्यंत

आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. त्यामुळे मला सगळं येतं, असा घरात ठाम समज आहे. विजेचं बिल जास्त आलं, विहिरीवरची मोटार जळाली, म्हशीनं चारा सोडला, की आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे बघतात. मी इतिहास घेऊन पास झालो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की एवढी वर्षं शिकून समोरच्या म्हशीचं कळत नसेल, तर मेलेल्या राजांचं काय कळलं असेल.

तर असा मी सर्वज्ञ माणूस एका संध्याकाळी परभणीहून ताडकळसला मोटारसायकलवर येत होतो, आणि माझ्यापुढे पेट्रोलच्या टाकीवर सुतळीनं बांधलेला एक पिंजरा होता. पिंजऱ्यात एक निळा पोपट. मूठभर. त्याला बडजी म्हणतात हे मला त्या दिवशी दुपारी कळलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मी त्यातला जाणकार झालो होतो.

पोपट माझ्या सरांचा. मी गावातून कॉलेजात आलो तेव्हा प्रवेशाचा फॉर्म कसा भरतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो सरांनी भरला. वाचनालयाची पुस्तकं मला त्यांच्या नावावर मिळायची. आज मी त्याच कॉलेजात क्लार्क आहे, तोही त्यांच्या शब्दामुळे. ते निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे निघाले, आणि लेकीकडे मांजर. त्यांनी मला बोलावून पिंजरा हातात दिला आणि म्हणाले, "तू खेड्यात राहतोस. तिथं शांतता असते. हा लगेच रुळेल." सरांना नाही म्हणणं मला या जन्मात जमणार नाही. फक्त परभणीत तीस वर्षं काढून खेड्यातल्या शांततेबद्दल त्यांना कुणी सांगितलं, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

पिंजऱ्याबरोबर राळ्याच्या बारीक पिवळ्या दाण्यांची एक पिशवी आणि सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलेल्या चौदा सूचना होत्या: पक्ष्याला नव्या घरी कसं रुळवावं. कागद मळू नये म्हणून मी तो निघायच्या आधी लॅमिनेट करून घेतला. क्लार्कचा जीव आहे.

घरी दारातच आप्पा भेटले. हे काय आणलंस, म्हणाले. आता, आमच्या घरात जिवंत प्राणी कोंडून ठेवणं बसत नाही. आई रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि मुक्या जीवाला डांबणाऱ्याची पूजा देव घेत नाही असं तिचं मत आहे. म्हणून मी वाटेतच ठरवून ठेवलेलं वाक्य बोललो. सरांचा आहे, थोडे दिवस ठेवायचाय, पाहुणा समजा. अडाणी माणूस खोटं बोलला तर अडखळतो. शिकलेला माणूस आधी कच्चा मसुदा करतो.

आप्पांचं समाधान झालं. आईचं त्याहून जास्त झालं, आणि तिथंच घोटाळा झाला. पाहुणा हा शब्द आमच्या घरात जपून वापरायचा असतो. जंगम महाराज आले असोत, पालमचा मामा आला असो की मीटर दुरुस्त करायला आलेला माणूस, त्याचं जेवण झाल्याशिवाय आई तोंडात घास घालत नाही. तिनं बाकावर स्वच्छ फडकं अंथरलं, त्यावर पिंजरा ठेवला, वाटीत राळा घातला. राळा बघून तिला आनंद झाला. लय वर्षांनी बघितला, म्हणाली. मग पिंजऱ्यापुढे बसून म्हणाली, "खा बाबा. तुझंच घर हाय."

पोपटानं आमच्याकडे पाठ फिरवली.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी तो खाईल, मग मी खाईन, म्हणाली. माझ्या बायकोनं आग्रह केला, आप्पा दोनदा कुरकुरले. उपयोग झाला नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आईला साखरेचा त्रास आहे. गोळी चालू आहे आणि ती जेवणासोबतच घ्यायची असते. मागे एकदा उपासाच्या दिवशी कापूस वेचताना तिला चक्कर आली होती, आणि शेजारच्या शेतातल्या दोन बायकांनी तिला धरून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी नंतर बजावलं होतं, यांना उपाशी ठेवू नका. बजावलं मला, कारण मी शिकलेला. आईला बजावलं असतं तर कदाचित तिनं ऐकलं असतं.

सकाळ झाली. वाटीतला राळा जिथल्या तिथं होता. आईनं बिनसाखरेचा चहा घेतला आणि कामाला लागली. नेमका त्या दिवशी गावचा बाजार होता आणि मला सुट्टी. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले पाहुणे पिशव्या टेकवायला आमच्याकडे येतात, कारण आमचं घर बाजाराच्या तोंडावर आहे आणि आमच्या घराला दार असलं तरी ते लावायचं असतं असं कुणाला वाटत नाही.

सूचना क्रमांक तीन: पिंजरा शांत कोपऱ्यात ठेवावा व तीन बाजूंनी झाकावा. मी तीन बाजूंनी आईचं जुनं लुगडं लावलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की लुगड्याआड काय आहे हे बघायला आणखी माणसं आली.

गिरणीवाले काका हिरवी मिरची घेऊन आले. पोपट म्हणल्यावर मिरची, हे त्यांना सूचना न वाचता माहीत होतं. पण पोपट बघून त्यांचा फार हिरमोड झाला. "ह्यो पोपट? चिमणी हाय ही, नीळ घालून धुतलेली." मिरची मात्र त्यांनी परत नेली नाही, सळयांत खोचून ठेवली. पालमचा मामा आला. बोलतो का, त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. मग ठेवला कामून, तो म्हणाला, आणि पुढचा पाऊण तास स्वतः बोलला. एक म्हातारी बाई खाली बसून पोपटाला नमः शिवाय शिकवू लागली. कुणी शीळ घातली, कुणी सळईवर नख ओढलं. एका जाणत्यानं सांगितलं की हा पक्षी आजारी आहे. दुसऱ्या जाणत्यानं सांगितलं की ही मादी आहे. पोपट पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात पिसं फुलवून चेंडूसारखा बसला होता आणि डोळे मिटून घेत होता.

सूचना क्रमांक पाच: पहिले काही दिवस अनोळखी माणसं जवळ येऊ देऊ नयेत. मी हे मामाला वाचून दाखवलं. मामा म्हणाला, बरोबर हाय, मी तर घरचाच.

मग मला अकरावी सूचना सापडली. म्हणजे ती आधीपासून तिथंच होती, पण कागदाच्या मागच्या बाजूला. हे पक्षी थव्यानं खातात, एकटे खात नाहीत. पक्षी खात नसल्यास आपण त्याच्यासमोर बसून जेवावं. मला एकदम सगळं सोपं वाटलं. मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि आईला म्हणालो, तू जेवलीस तर तो जेवेल.

आईनं परातीतून हात न काढता विचारलं, "पाव्हण्याच्या आधी मी जेवू? कालिजात असंच शिकवायलेत का?"

म्हणजे पोपट दुसऱ्याला जेवताना बघितल्याशिवाय जेवणार नाही, आणि आई पोपट जेवल्याशिवाय जेवणार नाही. दोघंही आपापल्या नियमाला पक्के. उरलो मी. मी ठरवलं, थवा मीच व्हायचं.

त्या दिवशी मी चार वेळा जेवलो. दहा वाजता भाकरी आणि बेसन. अकराला भाकरी आणि चटणी. बाराला वरणभात. दीड वाजता काही उरलं नव्हतं म्हणून मामानं आणलेली भजी. प्रत्येक वेळी पिंजऱ्यासमोर मांडी घालून, मोठे घास करून, चपचप आवाज काढून, पोपटाच्या डोळ्यांत डोळे घालून. मधूनच वाटीकडे नजर टाकायचो, एखादा दाणा कमी झाला का ते बघायला. आई येता-जाता मला बघत होती. कालपासून उपाशी आई, आणि तिच्यासमोर तिचा पदवीधर मुलगा शास्त्रोक्त पद्धतीनं भजी खात होता.

दोनच्या सुमाराला आई मामाला पाणी द्यायला आली आणि तिच्या हातातून तांब्या सुटला. ती तो उचलायला वाकली आणि वाकलेली तशीच खाली बसली, दाराच्या चौकटीला टेकून. कपाळाला घाम होता. मी गूळ आणला. तिनं तोंड फिरवलं. "त्यानं खाल्लं का?" तिनं विचारलं. माझ्या बोटांना भज्यांचं तेल होतं.

तेव्हा माझी बायको उठली. तिनं मामाच्या हातात त्याच्या पिशव्या दिल्या, बाजार उठायच्या आत भाजी घ्या म्हणाली, म्हातारीला हात धरून ओट्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या आमचं दार लागलेलं गावानं पहिल्यांदा बघितलं. बाहेर कुणीतरी विचारलंसुद्धा, कोण गेलं म्हणून.

मग ती माझ्याकडे वळली. "तुमी डोळे वटारून बघत जेवायलात. असं बघितल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरंल?"

आणि आईजवळ बसून तिनं विचारलं, "आत्याबाई, मी ह्या घरात आले तवा दोन दिवस जेवले नव्हते. आठवतंय का?"

आईला आठवत होतं. मला मात्र ते आत्ता पहिल्यांदा कळलं. नवी सून किती भाकरी खाते, केवढा घास घेते हे बघायला भावकीतल्या बायका स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसायच्या, आणि ती नुसती ताटातली भाकरी चिवडत राहायची. तिसऱ्या दिवशी आईनं सगळ्यांना बाहेर घालवलं. सुनेचं ताट वाढलं, आपलंही वाढून घेतलं, तिच्याकडे पाठ करून चुलीकडे तोंड केलं आणि एक शब्द न बोलता जेवायला लागली. मग ही जेवली. त्या दोन दिवसांत मी कुठं होतो? मी बाहेरच्या खोलीत होतो, लोकांचे शुभाशीर्वाद घेत आणि पोटभर जेवत. पदवी माझ्याजवळच होती.

"तवा तुमी माझ्या आधी घास घेतलात," बायको म्हणाली.

"तू काय पाव्हणी होतीस? घरची होतीस."

"मग ह्यो कोण हाय?"

आईनं माझ्याकडे बघितलं. आप्पाही बघायला लागले, म्हशीनं चारा सोडल्यावर बघतात तसे नव्हे, वेगळे. आईनं विचारलं, सर कधी न्यायला येणार आहेत. मला परत कच्चा मसुदा करता आला असता. वेळही होता. पण आई अजून चौकटीला टेकून बसली होती, गुळाला हात न लावता.

"न्हाई येणार," मी म्हणालो. "कायमचा दिलाय. कालच दिलाय."

आप्पा म्हणाले, "आन् तुझी माय कालपासनं उपाशी हाय."

मला वाटलं होतं आई चिडेल. पिंजऱ्यावरून, खोट्यावरून, कशावरूनही. ती चौकटीला धरून उठली, पिंजऱ्याजवळ गेली, खोचलेली मिरची काढून बाजूला टाकली आणि पोपटाला म्हणाली, "घरचा असून पाव्हण्यावानी बसलास व्हय?" मग सुनेला म्हणाली, वाढ.

बायकोनं ज्वारीच्या गरम भाकरी टाकल्या. तिघं पिंजऱ्याकडे पाठ करून ओळीनं बसले, आई, आप्पा आणि ती. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि ते योग्यच होतं. आईनं गोळी घेतली, भाकरी मोडली, पहिला घास घेतला. मी पिंजऱ्याकडे बघणार इतक्यात बायकोनं डोळ्यांनी खूण केली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. इतिहासाचा विद्यार्थी, हातात लॅमिनेट केलेला कागद, समोर चुन्याची भिंत.

बराच वेळ फक्त भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. मग मागून दुसरा एक आवाज आला. बारीक, कोरडा. कट. थोडं थांबून परत कट. राळ्याचं टरफल फुटत होतं. कुणी वळलं नाही. आप्पांनी ताटातली चटणी ओढली, बायकोनं आईपुढे पाण्याचा तांब्या सरकवला, आणि मागे कट, कट, कट असं चालू झालं, गिरणी सुरू झाल्यासारखं.

मला राहवलं नाही. भाकरी संपली का, आणखी आणू का, असं विचारायच्या निमित्तानं मी मान वळवायला लागलो.

"तिकडंच बघ," आई म्हणाली. "दुसरी खायलाय मी."