लिलीला कळी येईपर्यंत

एसटी हलायच्या बेतात असताना आईनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेला गड्डा खिडकीतून माझ्या मांडीवर ढकलला. आमच्या माणदेशातल्या घरामागं, मोरीच्या पाण्यावर वाढलेली नारिंगी डे-लिली. मी गेले होते आईला आणायला आणि परत निघाले मुळं घेऊन.

त्याआधी एका रात्री आई उंबऱ्याशी पडली होती. सकाळी दूधवाला येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मी तिची एकुलती एक, तरी तिचं एकच पालुपद. "लेकीच्या दारात मुक्काम करत न्हाईत, बाय. फूल ने."

लग्न होऊन मी पहिल्यांदा पावसाळी किनारपट्टीवरच्या सरावलीला आले तेव्हा एक खोली, नवऱ्याच्या कारखान्यातल्या तीन शिफ्टा आणि रात्री नाकाला झोंबणारा वास असा संसार होता. घरी मात्र 'हवा मस्त आहे' असं कळवायचे. गाव सोडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आता स्वतःचं घर आहे, पुढं चादरीएवढं अंगण. रिक्षावाल्याशी मी अशा हिंदीत भांडते की तो मराठीत माफी मागतो.

हात मात्र माणदेशीच राहिले. थेंब दिसला की अडवायचा. लिलीला मी खोल आळं केलं, भोवती बांध घातला आणि स्वतःवर खूश झाले. आषाढात त्या आळ्याचं डबकं झालं. एक पान ओढलं तर अख्खा झुपका हातात आला, बुडाशी कुजका वास.

खोटं बोलावंसं वाटलं, पण आईला माझ्या 'हॅलो'वरून सगळं कळतं. सांगून टाकलं.

"त्याला हात लावू नगंस," ती म्हणाली. "मी येती. बरं करती, कळी बघती आन् जाती."

आली. कुजलेलं सगळं कापून काढलं, राख लावली, उरलेला अंगठ्याएवढा कोंब सावलीत सुकवला आणि लावायच्या वेळी पुन्हा आळंच करायला बसली. जवळच्याच माहीम गावच्या वाडीत वाढलेल्या शेजारच्या राऊतकाकू कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "आमी इथं पानी बाहेर काढतो, नि तुमी मायलेकी कोंडून ठेवता. त्याला काय पोवायचं हाय?" मग आम्ही मुकाट्यानं मातीचा उंचवटा केला.

कोंब जगला आणि माझी झोप उडाली. तो मेला असता तर आई दुखावून गेली असती. वाढला तर कळी बघून जाणार होती. झाड टवटवीत झालं म्हणून धास्तावणारी माळीण मीच असेन. नवरा म्हणायचा, "खत जरा बेतानं घाल." हसायचा, पण जिना उतरताना आईचा हात धरायला तोच पुढं व्हायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गावाकडून कुणी विचारलं की आई गंभीरपणे सांगायची, फूल आजारी हाय.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी आई आंघोळीला गेली होती, आणि मला पानांच्या आड दांडा दिसला. टोकाला कळ्या. मी दांडा चिमटीत धरला. एक पीळ दिला की झालं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आई माझी. ज्यानं तिला इथं आणलं, त्याचीच मान मोडायला निघाले होते. बोटं खरंच वळली.

तेव्हा दोरा लागला. खराट्याची काडी रोवून तिला दांडा सैलसर बांधला होता, आईच्या लुगड्याच्या काठाच्या दोऱ्यानं. वरचा दांडा गाठीपासून बराच वाढला होता. म्हणजे तिनं कळी कधीच बघितली होती, आणि गप्प राहिली होती.

मी हात काढून घेतला. मागं आई उभी, ओले केस पुसत.

"एक फूल एकच दीस टिकतं," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. "मागं कळ्या हायत. त्या उमलल्याबिगार कसं जायचं?"

"नाहीच जायचं," मी म्हणाले. मग चहा टाकायला आत गेले, कारण डोळे ऐकेनात.

तो बहर केव्हाच संपला. आता आई उंचवट्याशेजारी दुसरा उंचवटा करतेय. गावाकडच्यांनो, आई परत कधी येणार, असं फोनवर विचारू नका. कधी जाणार, हे आम्हीही विचारत नाही. हा प्रश्न जिथं कुणी काढत नाही, त्याला मी आता घर म्हणते.