जाळ्याच्या आत

घारापुरीची लेणी पाहून आम्ही आठजण गावातल्या एका घरी जेवायला गेलो. सहलीच्या कार्यक्रमात ‘बेटावरचं ताजं जेवण’ असं लिहिलं होतं. ओटीला वरपासून खालपर्यंत मासेमारीचं जुनं जाळं बांधलेलं होतं. माकडं ताटातलं उचलून नेतात म्हणून. ती बाहेर टपून बसलीच होती.

सुरमईचं कालवण फार चवदार होतं. वाढणाऱ्या बाईंना मी विचारलं, “आजचीच का हो ही? इथली?”

“इथं कुठं मासली आता, ताई? मुंबईहून मागवतो. सकाली तुमच्याच लाँचीनं आली.”

कोपऱ्यातला थर्माकोलचा खोका मी ओळखला. येताना त्याच्यावर पाय टेकवून मी समुद्र बघत बसले होते.

लेण्यात हात तुटलेल्या मूर्तींपुढे आम्ही किती हळहळलो! दगडाचं काय गेलं ते लगेच दिसतं. समुद्राचं दिसत नाही. तो वरून तसाच चमकत राहतो, फोटोतही छान येतो.

बाईंचे म्हातारे सासरे ओटीबाहेर बसून माकडांनी फाडलेलं जाळं सुतानं विणत होते. बोटं भराभर चालत होती.

“बाबा, होडी आहे अजून?”

“इकली. जालं कोनी घेतलं नाय.”

त्यांनी गाठ आवळली, सूत दातानं तोडलं आणि जाळ्याआड जेवणाऱ्या आम्हा आठजणांवरून सावकाश नजर फिरवली. पूर्वी ओढून वर घेतलेल्या जाळ्यात काय लागलंय ते बघत असतील, तशी.