देवीचे पाय

भिवंडीत कामतघरला आमच्या शेजारी राहणारे प्राध्यापक धर्माचा शास्त्रीय अभ्यास करायचे. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर मला सोबत न्यायचे आणि पेनाचं टोपण दातांत धरून दिसेल त्याला विचारायचे, "हे का करता?"

एकदा बायका अंघोळ उरकून पायरीवर गार पाणी ओतत होत्या. दिघाशीची एक म्हातारी म्हणाली, "न्हाय माहीत." प्राध्यापकांना राहवेना. "देवीचे पाय भाजू नयेत म्हणून असेल का?"

पुढच्या वर्षी तीच म्हातारी नव्या सुनेला सांगत होती, "पानी घाल, न्हायतर देवीचे पाय भाजतील. पयल्यापासून हाय."

प्राध्यापकांचे कान लाल झाले. म्हातारीने त्यांच्याही हातात तांब्या दिला. त्यांनी मान खाली घालून पाणी ओतलं. तांब्या रिकामा झाला तरी माझ्याकडे बघेनात.