आबांचं बोलावणं
धुळ्याच्या स्टँडवर बूट पॉलिशचा वास आला की मला पिंपळनेरचे आबा आठवतात. माजी सैनिकांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणं हे माझं काम होतं. पहिल्याच भेटीत, वयामुळे काळाचं भान सुटलेले आबा "मला युनिटला परत जायचंय" म्हणत दारातून निघाले, त्यांच्या बायकोला, अक्कांना, ते आवरेनात. त्यांना शांत करायला मी म्हणाले, "आबा, बोलावणं आलं की मीच सांगायला येईन." ते लगेच खाली बसले आणि मला माझंच कौतुक वाटलं. पुढच्या भेटीला गेले तर आबा चकचकीत बूट घालून ओट्यावर बसलेले. "ताई, बोलावनं उनं का?" अक्का हळूच म्हणाल्या, "तुम्ही सांगेल शे ना, रोज बूट घालीसन वाट दखतस." पुढे माझी जळगावला बदली झाली. माझ्या जागी आलेल्या ताईला मी आबांचं सगळं सांगितलं, मी दिलेला तो शब्द एवढा सोडून.